पोळ्याच्या दिवशी परेड

पुन्हा सांगू? काल पोलीस पाटलाले सांगितलं, परवा शाळेच्या हेडमास्तराले सांगितलं, आता तुमी नागपूरहून चौकशीले आले — माह्या तोंडाले काय भाडं लागते काय? बसा. त्या बाजेवर नका, मोडकी हाय ते, या पोत्यावर बसा. काय म्हन्ता — मोर्शीच्या शाळेतलं हवाई पथक, पोट्ट्याइले विमानाचं शिक्षन देनारं, ते साठाचं सातावर आलं, अन् ते या नत्थुजी म्हाताऱ्यानं मोडलं? लिहा. म्या मोडलं म्हनून लिहा. पन मंग समदं लिहा.

आखर पाहलं ना येता येता, गावाबाहेरचं मैदान? सकायी तिथं ढोरं जमतात अन् ऐतवारी तुमचं पथक जमे. पयले सारेच आले. लढाई चालू, कधीमधी डोक्यावरून विमान जाये, पोट्ट्याइले वाटलं आपूनही उडू. अन् पथकाचा वामनराव मास्तर काय शिकवे? डावा पाय, उजवा पाय. उन्हाया गेला, पावसाया आला — डावा पाय, उजवा पाय! विमान म्हनाल तं फळ्यावर, खडूचं, तेही तास संपला का पुसून टाके. पोट्टे गळाले लागले, ते तवापासून. मले कसं मालूम? मी ढोरं घेऊन तिथंच बसो ना, दर ऐतवारी. पथक पाहाले नाही — ढोरासाठी.

मंग पोळा आला. मास्तर पुन्याकडचा, त्याले पोळा म्हंजे काय ठाव! त्यानं साहेबाची तपासनी नेमकी पोळ्याच्या सांजेले ठेवली, त्याच आखरात. मले म्हने, तोरन उतरवा, मुलांची रांग लागायची आहे. तोरन उतरवा! मानाचा बैल माहा, तोरनाखालून पयला तो जाते, माह्या आज्यापासून. म्या म्हन्लं, रांग लागन मास्तर, फिकीर नका करू. अन् लागली! गोरा साहेब मोटारीतून उतरला तं साठच्या साठ हजर, गळालेलेही — खाकी सदरे, टोप्या, अन् हरेकाच्या हातात बैलाचा कासरा. कास्तकाराचे लेकरं ते, पोळ्याले बैल सोडून कुठं जातीन? माह्या बैलाच्या पाठीवर त्याइनं गेरूनं विमान काढलं होतं. काय साजरं काढलं होतं! साहेबसुद्दा हसला.

अन् पोळ्याले झडती म्हनाची आमची रीत हाय. भर आखरात कोनाचीबी टर उडवाची, पाटील असो का सावकार, त्यानं हसून घ्याचं, राग धराचा नाही. म्या म्हन्ली —

वावरात पेरलं जवस, अन् उगवली तूर,
मास्तराचं इमान उडे फळ्याफळ्यावर दूर!

पोट्टे बोंबलले, हर बोला हर हर महादेव! मास्तर लाल. साहेबासमोर, साऱ्या गावासमोर माह्याकडं बोट केलं — "हा म्हातारा दारुड्या आहे." मी! चाळीस वर्सं झाले गळ्यात माळ हाय माह्या! अन् दुसऱ्या ऐतवारी पोट्ट्याइले म्हने, जो हसला त्यानं माफी मागावी, नाहीतर टोपी ठेवावी. ठेवल्या टोप्या. सात राहिले — ते बिचारे मांगं उभे होते, त्याइले झडती ऐकू गेली नसन.

आता पोट्टे ऐतवारी कुठं जातात, मले काय मालूम? मी काय त्याइचा — तिकडं काय पाहून राहिले? गोठ्यात कडबा हाय. पांढरं? धोतर हाय माहं, वाळू घातलं. बांबूवर ताणून? हो, असं वाळते लवकर... आता उठलेच तं पाहून घ्या. व्हय, विमान हाय! पोट्ट्याइनं बनवलं. बांबू माह्या बगिच्यातले, धोतर माहं, शिव्या मनकर्णाच्या — आमची घरवाली, धोतर फाडलं म्हनून अजून बोलत नाही माह्याशी. पन साठातले पन्नास येतात दर ऐतवारी, कोनी हाका नाही मारत, कोनी हजेरी नाही घेत. वरच्या धुऱ्यावर, वावराच्या उंच बांधावर नेतात, चौघं-पाच जन धरून पळतात अन् देतात सोडून. उडते का म्हन्ता? तुरीच्या शेंड्याएवढं तं उडते! पोटात असं गार वाटते, पाय लटकून राहतात खाली, अन् —

हसता काहून? व्हय, मीच बसलो होतो. पोट्टे म्हने, बाबा, पयला मान तुमचा. कंबर अजून दुखून राहिली. लिहा, तेही लिहा!

अन् हे विमान नेऊ देनार नाही, पोट्टेही नाही. मले काय पथक नको हाय? खरं विमान दाखवा त्याइले, नाहीतर निदान खरं बोला, साठच्या साठ उद्या उभे करतो. पन पयले त्यानं याचं, त्याच आखरात, साऱ्या गावासमोर, अन् म्हनाचं का नत्थुजी दारुड्या नाही. तुमी नका माफी मागू त्याच्या बदल्यात, तुमी काय केलं माहं? उठा आता, ढोरं सोडाचे हायेत मले. माफी मागाची हाय ते एकट्या तुमच्या वामनराव मास्तरानं.