नाखव्याची कुजबुज

सायकलवाल्यांनो, जीपीएस घड्याळाची फुशारकी माझ्यासमोर मारू नका. आपल्या ग्रुपमध्ये पहिलं माझ्याकडे होतं, भावाने दुबईहून पाठवलेलं. एकदा सकाळची राइड संपवून किल्ल्याजवळ पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बाळू नाखव्याची होडी ढकलायला हात लावला, तेव्हा ते काढून होडीत ठेवलं आणि तिथेच विसरलो. होडी गेली समुद्रात, घड्याळ चालूच!

संध्याकाळी बाळू ते परत द्यायला आमच्या गल्लीत, घरी आला. ट्रेनिंगचे सर माझा वेग तपासायला बसलेच होते. घड्याळ सरांच्या लॅपटॉपला जोडलं, तर नकाशावर लाल रेघ किल्ल्यापासून थेट समुद्रात, आणि तिथे एकाच जागी गोल गोल.

सर म्हणाले, "आज एकही चढ नव्हता, तरी वेग एवढा कमी?"

बाळूचा चेहरा मात्र उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आधी पुसून टाक ते! मासली कुठं मिलते ते माज्या बापानं आयेला पन नाय सांगितलं."

आता, जन्मभर बोटीच्या इंजिनाच्या आवाजात ओरडून बोललेल्या माणसाची ती कुजबुज. अख्ख्या गल्लीने ऐकली, आणि रात्रीपर्यंत पाचूबंदरलाही पोचली.

पुढच्या रविवारी सरांकडे सायकलिंग शिकायला पाचूबंदरचे सात नाखवे हजर. सायकल एकानेही आणली नव्हती.