माझ्या बिबट्याची तपासणी

कप खाली ठेवा, मग ऐका. आणि हसायचं नाही.

माझी नात पल्लवी वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. तिथं माहिती साक्षरता नावाचा एक विषय आहे. घरातली एक ऐकीव गोष्ट घ्यायची आणि ती खरी की खोटी, ते तपासून लिहायचं.

"आबा, तुमचा बिबट्या घेते मी," ती म्हणाली.

लग्नाआधी मी तुरीच्या वावरातून एकट्यानं, काठीनं बिबट्या हाकलला होता. देवळीच्या बाजारात आजही मला त्याचा मान आहे.

"घे. त्यात तपासाचं काय हाय?"

"पाह्यला कोणं?"

"म्या."

"तुमच्याशिवाय?"

"तुह्या आजीनं. बाजूच्या वावरात कापूस वेचून राह्यली होती. विचार तिले." मी छाती काढून बसलो.

म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वासरू होतं ते. आमचंच. तीन दिवस भेवानं घरी आलं नाई."

नात भराभर लिहू लागली. माझा आवाज चढला. "पन्नास वर्सं झाली. आतापावतर काऊन नाई बोलली?"

"तवा बोलली असती, तं माया बापानं मले तुमच्या घरी देली असती काय? बिबट्या हाकलणारा जवाई पाह्यजे होता त्याले."

मीही शेंगा सोलायला बसलो.

नातीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरात ते आता वासरू आहे. देवळीत अजून बिबट्याच आहे, आणि तिकडं तुम्ही कोणी तोंड उघडायचं नाही.