सौंदर्यात बसणारं दुखणं

विमा ऑफिसच्या खिडकीसमोर मोतीबिंदूची फाइल घेऊन एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं. पण कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत. पुढे टपाल वाटणारी तरुणी आणि काचेपलीकडे क्लार्क, दोघांची जुंपली होती.

"अर्ज नामंजूर झालाय, ताई. हे ऑपरेशन सौंदर्यात बसतं."

"योनीबाहेरची वाढलेली कातडी कापायचीय, दादा. तिथलं सौंदर्य बघायला कोण येतंय?"

"जरा हळू बोला ना."

"रोज सहा तास सायकलवर असते मी. सीटवर घासून जखमा होतात. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय."

"नुसतं लिहून भागत नाही. त्रास दिसला पाहिजे. फोटो जोडा."

"बघणार कोण?"

"कमिटी. पाच जण आहेत, सगळे अनुभवी."

"बायका किती त्यात?"

"बाई नाही."

"आणि फोटो काढेपर्यंत जखम भरली तर?"

"मग त्रास नाही, असं धरतात."

"म्हणजे फोटोसाठी आधी जखम करून घ्यायची?"

"नियम मी केलेत का?"

क्लार्क शिक्का आणायला जपून उठला.

"दादा, खुर्चीवर ही मधे भोक असलेली उशी कसली?"

"हळू! मूळव्याध आहे. ऑफिसनंच दिली."

"फोटो जोडला होता?"

"छे हो! मोठे साहेब म्हणाले, असलं दुखणं माणूस उगाच सांगेल का?"