वाघाच्या आधीचा न्याय

मानीबाई : उतर खाली. शिडीवरून उतर म्हनते ना मी! नाही तं ही चुन्याची बादली तुह्याच डोक्यावर रिकामी करीन.

रजत : अरे मावशी, थांबा, थांबा! रंग ओला हाय. प्रेमभाऊ! ओ प्रेमभाऊ! इकडं या ना लवकर, तुमची आई पाहा काय करून राह्यली!

प्रेम : याडी! ठेव ती बादली खाली. उद्या नाताळची पहिली सभा हाय, मुकुटबनहून, वणीहून मानसं येऊन राह्यली, अन् तू प्रार्थनेच्या खोलीत भिंतीले चुना मारते?

मानीबाई : भिंतीले नाही, वाघाले मारते. बाकीचं राहू दे. गाय राहू दे, करडू राहू दे, ते मधातलं पोरगं राहू दे. हा वाघ मले इथं नाही पाह्यजे.

रजत : मावशी, तीन दिवस झाले मी या वाघावर हाय. वणीत ट्रकच्या मागं काढतो तो वाघ घंट्याभरात होते, तोंड फाडलेला. भाऊ म्हणले याचं तोंड बंद पाह्यजे, चेहरा गरीब पाह्यजे. आता गरीब वाघ काढाले टाइम लागते ना!

मानीबाई : गरीब! ऐकलं का प्रेम? गरीब वाघ म्हने! तीन महिने नाही झाले तुह्या बापाले नाल्यावरून आनलं. चादरीत काय आनलं ते म्या पाह्यलं, तू पाह्यलं. अन् तेच जनावर तू देवाच्या खोलीत आनून बसवलं?

प्रेम : तो वाघ नाही हा. समजून घे. ही भविष्यवाणी आहे. यशया संदेष्ट्यानं प्रभूच्या जन्माच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं, की मशीहाचं राज्य येईल तेव्हा जनावरसुद्धा जनावराचा जीव घेणार नाही. सगळी एका जागी बसतील. देव स्वतः माणसांत वस्तीला येईल. मी तुझ्यासाठी काढायला लावलं हे. तुला धीर यावा म्हणून.

मानीबाई : माह्यासाठी? मले इचारलं होतं का?

प्रेम : इचारलं असतं तं तू नाही म्हनली असती.

मानीबाई : म्हंजे समजत होतं तुले! अन् एक सांग, पुस्तकात वाघ हाय का? मले वाचता येत नाही, पन कान हायेत. दर नाताळले वाचते तू. लांडगा हाय, चित्ता हाय, सिंह हाय. वाघ कुठं हाय?

प्रेम : वाघ नाही.

मानीबाई : मंग कोनं आनला?

प्रेम : म्या. इथं सिंह कोनं पाह्यला, याडी? आपली मानसं भेतात ते वाघाले. म्हनून म्हनलं, त्यायले समजन असं काहीतरी...

रजत : मी भाऊले म्हणलो होतो, सिंह सोपा हाय. आयाळ मारली का अर्धं काम खतम.

प्रेम : रजत, तू चूप राह्य ना जरासा.

रजत : राह्यलो.

मानीबाई : बरं, मले सांग. तुह्या त्या राज्यात हा वाघ आला अन् बसला. कोनी त्याले तुह्या बापाचं इचारलं का, हरिसिंगचं काय केलं रे तू?

प्रेम : ते राज्य आहे, याडी. तिथं जुनं दुःख, जुनं वैर काही उरत नाही.

मानीबाई : काहून नाही उरत? कोनी पुसलं? आपल्या तांड्यात नसाब बसते का नाही? एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं तं नायक बसते, पंच बसतात. ज्यानं मारलं तो पागोटं काढून सगळ्याइच्या समोर उभा राह्यते अन् सांगते, म्या मारलं. मंग सोबत जेवन. आधी नाही. देवसिंग नायकानं सख्ख्या पोराले उभं केलतं भर उन्हात, आठवते ना? आपन अनपढ लोक, तरी आपल्याले एवढं समजते. अन् तुह्या देवाच्या राज्यात हा सीधा येते, पाय पसरते अन् गवत खाते? कबूल करनं नाही, माफी नाही, काहीच नाही?

प्रेम : जनावर हाय ते! जनावर कधी माफी मागते का?

मानीबाई : तं ज्याले तोंड हाय त्यानं मागावी! अन् वाघाच्या आधी काय लिवलं हाय ते बी तूच वाचलं होतं. आधी तो राजा न्यायाले बसन. वरवर पाहून नाही, सांगोवांगी ऐकून नाही. गरिबाचा खरा न्याय करन. हे आधी हाय. जनावरं त्याच्या मंग. तू मधातलं सारं खाऊन टाकलं अन् सीधा वाघावर आला.

रजत : न्यायाचं मले कोणी बोललंच नाही. नाही तं एक खुर्ची काढून टाकली असती साइडले.

प्रेम : बस झालं आता! तुले वाटते मले राग नाही? दर रविवारी मी इथं उभा राह्यतो, इम्मानुएल म्हनतो, देव आमच्यासोबत हाय म्हनतो, अन् तू पहिल्या रांगेत बसून माह्याकडं अशी पाहाते का जसं म्याच...

मानीबाई : तुह्याकडं कोन पाहाते? मी त्याच्याकडं पाहाते! त्याले इचारते, सोबत राह्यतो म्हनला होता ना? नाल्यावर होता का तू?

प्रेम : होता, याडी. तो होता.

मानीबाई : होता तं काय करत होता? पाहात होता?

प्रेम : असं नको बोलू.

मानीबाई : काहून नको? बाप्तिस्मा घेतला म्या, माह्या तोंडानं त्याचं नाव घेतलं, मले हक्क हाय. तू पाळकाचं शिकला ना दोन वर्षं यवतमाळले? सांग मंग! पाहात होता का?

प्रेम : मले नाही माहीत! नाही माहीत मले!

मानीबाई : अन् तो तुहा बाप! चाळीस वर्षं जंगलाच्या कडेनं बकऱ्या चारल्या, कधी एकटा नाही गेला. एक मानूस पुढं डबडं वाजवत, एक मागं. मंग त्याच दिवशी एकटा काहून गेला? कोनती जिद्द होती? सकाळी उठली का पहिले त्याले शिव्या देते मी. मेलेल्या मानसाले शिव्या देते.

प्रेम : त्याले नको देऊ.

मानीबाई : देईन! एकटा काहून गेला तो?

प्रेम : एकटा नव्हता जानार. डबडं घेऊन मी जानार होतो.

(मानीबाईच्या हातातली बादली खाली टेकते. रजत शिडीवर होता तिथंच बसून राहतो.)

मानीबाई : काय म्हनला?

प्रेम : मुकुटबनहून आपल्या मंडळीतल्या संगीताचा फोन आला. तिच्या सासूले दम लागला होता, प्रार्थनेले या म्हने. म्या गाडी काढली. फाट्यावर बा उभा होता बकऱ्या घेऊन. म्हने, मी थांबतो तू येतपर्यंत. म्या म्हनलं, थांबतो कायले? देव हाय ना सोबत. जाय तू.

मानीबाई : अन् तो गेला.

प्रेम : हसला अन् गेला. माह्या बोलन्यावर गेला तो.

मानीबाई : तीन महिने! तीन महिने तुह्या हातचं पानी पेलं म्या, अन् तू मले भविष्यवाणी सांगत बसला! तुह्यापेक्षा तो वाघ बरा रे! त्याले भूक लागली होती. तुले काय झालं होतं?

प्रेम : काही नाही. घाई होती.

मानीबाई : अन् मी मूर्ख, देवाले इचारत बसली, तू काहून नाही आला म्हनून! अरे, तो देव तुह्याच पायानं जानार होता नाल्यावर. तुह्याच हातानं डबडं वाजवनार होता. तू त्याले गाडीवर बसवून घेऊन गेला अन् बापाले नुसतं त्याचं नाव देल्लं.

प्रेम : संगीताची सासू बी मरून राह्यली होती, याडी.

मानीबाई : मंग बापाले घरी पाठवाचं होतं! बकऱ्या एक दिवस उपाशी राह्यल्या असत्या. एवढं बोलाले किती वेळ लागते?

प्रेम : नाही लागत. रोज तेच म्हनतो मी स्वतःले. म्हनून हा वाघ काढला. वाटलं, हा एकदाचा भिंतीवर गुमान बसलेला दिसला तं मले बी झोप लागन. तुह्यासाठी नाही काढला. खोटं बोललो मी.

मानीबाई : दिसून राह्यलं ते.

रजत : मावशी, मी बाहेर जाऊ का?

मानीबाई : बस तू. तू ऐकलं हाय. प्रेम, उद्या किती लोक येतीन?

प्रेम : शंभराच्या वर.

मानीबाई : देवसिंग नायकाले बी बोलाव. तो प्रार्थनेले येत नाही, पन यासाठी येईन. पुस्तक बंद ठेवाचं. फाट्यावर काय बोलला ते उभं राहून सांगाचं. तिथं देवाचं नाव पुढं नाही कराचं. म्या केलं म्हनाचं.

प्रेम : सांगतो. मंग लोक मले पाळक म्हनून ठेवतीन का नाही, कोन जाने.

मानीबाई : ते लोक पाहतीन.

प्रेम : अन् तू?

मानीबाई : मी समोर बसून ऐकीन. त्याच्या पुढचं मले आज नको इचारू. तुह्याकडं पाहाले बी मन नाही होत.

रजत : मावशी, रागावू नका, पन या वाघाचं काय करू? मागचे पाय राह्यले, शेपूट राह्यलं. चुना मारू का पुरा करू?

मानीबाई : चुना नको मारू. पुरा बी नको करू.

प्रेम : अर्धा वाघ कसा ठेवाचा, याडी? लोक इचारतीन ना.

मानीबाई : इचारतीन तं सांग त्यायले. राज्य आलं नाही अजून.