कोरडी इबत

(मे महिन्यातली दुपार. सोलापुरातलं घर. कॉम्प्युटरपाशी काव्या आणि तिची आई चंद्रव्वा. फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवलेला; पलीकडे पुण्याहून भाऊ महेश्वर.)

काव्या : गेला! परत गेला! दादा, ऐकतोयस ना? आत्ता चालू केला होता की रे. स्क्रीन काळी!

महेश्वर : ऐकतोय. फोन नसता तरी पुण्यापर्यंत ऐकू आलं असतं. किती वेळ चालला?

काव्या : किचनचं मॉडेल उघडलं, लाईट लावले, त्याचं चित्र बनवायला रेंडरला टाकलं आणि खल्लास. बंद पडायच्या आधी प्रोसेसरचं तापमान बघितलं. अठ्ठ्याण्णव.

चंद्रव्वा : अठ्ठ्याण्णव म्हंजे ताप न्हाय की. माणसाला बी तेवढंच असतंय.

काव्या : अव्वा, हे तुझ्या थर्मामीटरमधलं अठ्ठ्याण्णव नाही. ह्याच्यावर चहा होईल, चहा!

चंद्रव्वा : मग भाईर काय कमी हाय? पत्र्यावर भाकरी भाजंल. त्यात ते सकाळपास्नं राबतंय. जरा निजू दे की त्याला. वर चादर टाकू का?

काव्या : चादर नको! तू त्याला हातच लावू नको.

महेश्वर : भांडू नका. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. जळला नाहीये. नोकरीची परीक्षा किती वाजता?

काव्या : चार. कॅमेरा चालू, माझी स्क्रीन त्यांच्यापुढे, आणि दोन तासांत अख्खं स्वयंपाकघर उभं करून दाखवायचं. मागच्या वेळी मध्येच बंद पडला तर परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, होतं असं, आपण पुन्हा घेऊ. आज पडला तर तिसऱ्यांदा कोण घेतंय? घरात बसून करायची नोकरी आहे रे दादा. अशी परत येणार नाही.

महेश्वर : शेजारच्या गुरूचा कॉम्प्युटर मिळेल का?

काव्या : विचारलं. त्याच्यात हे सॉफ्टवेअर उघडतच नाही. सांग ना पटकन काय करू!

महेश्वर : आधी बस.

काव्या : बसवत नाही मला.

महेश्वर : मग उभ्यानं ऐक. आतला पंखा फिरतो का?

काव्या : फिरतो की. ओरडतो नुसता. पण मागं हात धरला तर वारा लागत नाही.

महेश्वर : म्हणजे हवा खेळत नाहीये. पुढची जाळी साफ आहे का?

चंद्रव्वा : साफ हाय. मी रोज पुसते.

महेश्वर : बघा, अव्वाचं काम चोख. काव्या, वायर काढ, चालू करायचं बटण दोनदा दाबून सोड आणि बाजूचं झाकण उघड.

चंद्रव्वा : बेडा, बेडा! आत हात घालू नको, यव्वा. महेशनं बसवलेलं हाय, त्यालाच उघडू दे.

महेश्वर : अव्वा, मीच सांगतोय की!

चंद्रव्वा : तू तितनं सांगतोस. हात हिचा जातोय.

काव्या : उघडलं. रुई आहे थोडी, शेजारच्या यंत्रमागांवरची.

महेश्वर : ती असणारच, सोलापुरात आहेस. मधे प्रोसेसरवर तो उंच हीट सिंक दिसतो का? ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा. त्यातनं गरमी बाहेर पडते.

काव्या : पट्ट्या कुठायत? थर बसलाय नुसता. पांढरा.

महेश्वर : पांढरा? धूळ काळपट असते. भिंतीचा चुना पडला का?

काव्या : भिंत निळी आहे. बोटाला लागतंय, पिठासारखं. थांब, वास घेते.

महेश्वर : मग?

काव्या : अव्वा...

चंद्रव्वा : काय गं?

काव्या : ही विभूती आहे.

चंद्रव्वा : आत कशी गेली? मी तर भाईरनंच लावते.

काव्या : लावतेस?

चंद्रव्वा : रोज. तू आंघुळीला गेलीस की. पुढच्या जाळीवर तीन बोटं. आदी ओल्या बोटानंच लावायची, तर तूच वरडलीस. अव्वा, कॉम्प्युटरला पाण्याचा हात लावू नको, शॉक बसंल. तवापास्नं कोरडी इबत लावते.

महेश्वर : कोरडी! अगं अव्वा, त्या जाळीच्या मागंच पंखा आहे. तो हवा आत ओढतो.

चंद्रव्वा : मला काय ठावं? सकाळी लावली की दुपारी दिसायची न्हाय. म्हटलं, देवानं घेतली.

काव्या : आणि मागच्या वेळी बंद पडला, त्याच्यानंतर?

चंद्रव्वा : त्याच्यानंतर... दोनदा लावते. दिवेलागणीला बी.

काव्या : दादा, हसू नकोस! मी विंडोज बदललं, फायली उडवल्या, रात्रंदिवस डोकं फोडत बसले आणि ही बाई... अव्वा, कुणी सांगितलं होतं तुला? माझी नोकरी घालवलीस की तू! असला वेडेपणा कोण करतं?

महेश्वर : काव्या.

काव्या : काय काव्या? साडेतीन होतील आत्ता!

महेश्वर : म्हणूनच म्हणतोय, तोंड बंद आणि हात चालू. सिंक हलवायचा नाही, खालची पेस्ट सुटेल. नुसता त्याला लावलेला पंखा काढ. दोन तारेच्या क्लिपा आहेत. मऊ ब्रश आहे का घरात?

चंद्रव्वा : ह्यांचा दाढीचा हाय. नवा. आणते.

महेश्वर : कोरडा बघून आण, अव्वा.

चंद्रव्वा : कोरडाच हाय. कोरड्याची आता चेष्टा करा सगळे.

काव्या : दे इकडे. हं, निघतंय. दादा, खपल्याच निघतायत.

चंद्रव्वा : थांब, थांब! खाली कागद धरू दे.

काव्या : अव्वा, वेळ नाही!

चंद्रव्वा : इबत हाय ती. पायाखाली येऊ द्यायची नसते. धरते मी, तू झाड.

महेश्वर : झाडून झालं की सायकलचा पंप घे आणि पट्ट्यांतनं हवा मार. पंख्यावर मारताना पातं बोटानं धरून ठेव, मोकळं फिरू देऊ नको.

काव्या : पातं मी धरते. पंप कोण मारणार?

चंद्रव्वा : मी मारते की. म्हायेरी मंद्रूपला असताना सायकलीत हवा काय तुझे मामाच मारून द्यायचे व्हय? सरक.

काव्या : हळू! अगं, हळू... हं, असं. बास. दादा, पट्ट्यांतनं पलीकडचं दिसायला लागलं!

महेश्वर : शाब्बास. पंखा बसव, वायर लाव. झाकण उघडंच राहू दे आणि टेबल फॅन त्याच्यावर सोड. आता रेंडरला टाक आणि आकडा बोल.

काव्या : बावन्न. साठ. चढतंय रे, दादा.

महेश्वर : चढणारच. बघत राहा.

काव्या : अडुसष्ट. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर...

चंद्रव्वा : शिवा, शिवा.

काव्या : चौऱ्याहत्तर. परत चौऱ्याहत्तर. थांबलं! तिथंच थांबलं!

महेश्वर : झालं तर. दोन तास काय, रात्रभर चालेल. तोंड धू, पाणी पी. आणि अव्वाशी नीट बोल. ठेवतो.

चंद्रव्वा : बरं झालं बाई. मी सैपाकघरात बसते. तुजं हुईस्तवर हिकडं येत न्हाय.

काव्या : त्या कागदाचं काय करणार?

चंद्रव्वा : जास्वंदीच्या बुडाला टाकते. मशीनला पुन्ना न्हाय लावणार. सांगितलंस, कळलं.

काव्या : अव्वा, पण मशीनला कशाला? घरात देव आहेत की.

चंद्रव्वा : देवाला लावतेच. तुला कुटं लावू देतीस? कॉलेजात गेलीस तवापास्नं मी लावली की तू पुसतीस. आता तर कॅमेऱ्यात दिसतं म्हणतीस. म्हटलं, त्या मोठ्या लोकांम्होरं जे हिच्या बाजूनं बोलतंय, त्याला तरी लावावी.

काव्या : मघाशी बोलले ते... मी घाबरले होते गं. तोंडाला येईल ते बोलले.

चंद्रव्वा : असू दे. भूक लागल्यागत चिडचिड करतीस नुसती. बस आता, चार वाजत आले.

काव्या : आधी वडी आण.

चंद्रव्वा : कसली वडी?

काव्या : विभूतीची. लाव मला.

चंद्रव्वा : दिसंल की तितं.

काव्या : दिसू दे.

चंद्रव्वा : मॅडम काय म्हणतील?

काव्या : स्वयंपाकघर बघतील त्या. लाव लवकर, त्यांचा कॉल येईल.

चंद्रव्वा : कोरडी लावू का ओली?

काव्या : ओली. दोन तास टिकायला पाहिजे.