दुपारी तीनचा क्लिक

दहापैकी दोन! मला! अहो, शाळेत भूमितीतसुद्धा मला कुणी दहापैकी दोन दिले नाहीत, आणि माझी भूमिती काय लायकीची होती ते त्या मास्तरांनाच ठाऊक... आणि इथे अठ्ठावीस वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त केल्यावर, नुसतं झाकणावर हात ठेवून बेल्ट गेलाय की मोटर ते सांगणाऱ्या माणसाला, ती जाहिरातवाली मुलगी लॅपटॉप फिरवून दाखवते, "काका, तुमच्या शब्दांचा दर्जा दहापैकी दोन आलाय!" कुणी दिले हे दोन? तर म्हणे इंटरनेटने!

तुम्हाला सांगतो, प्रकार काय असतो. कुणाचं मशीन बिघडलं की तो आता दुकान शोधत रस्त्याने हिंडत नाही. फोनवर चार शब्द लिहितो आणि वर ज्याची जाहिरात दिसेल तिच्यावर बोट ठेवतो. बोट त्याचं, पैसे माझे! प्रत्येक बोटाला पैसे, मग तो मशीन आणो, न आणो, नुसता डोकावून जावो! आणि कुठल्या शब्दांवर आपली जाहिरात दिसावी ते आपणच ठरवून द्यायचं. शब्द, जाहिरात आणि तिच्यावर बोट ठेवलं की उघडणारं आपलं पान, या तिघांचं आपसात जमत असेल तर दर्जा चांगला आणि बोट स्वस्त. जमत नसेल तर महाग... आणि वर जाहिरात कुठे, तर पार खाली, कुणाची नजर जाणार नाही अशी.

बरं, मी शब्द काय वाईट दिले होते? 'ड्रम बेअरिंग बदलणे', 'ड्रेन पंप दुरुस्ती', 'इनलेट व्हॉल्व्ह'... कसे चोख! आणि शेवटी, लोक भरपूर यावेत म्हणून, एक ऐसपैस शब्द टाकला: 'मशीन'. नुसतं मशीन. आले की लोक! महिन्याभरात कोण काय लिहून आलं त्याची यादी त्या मुलीने वाचून दाखवली. शिलाई मशीन. वजनाचं मशीन. केस कापायचं मशीन. 'वॉशिंग मशीनचं सोपं चित्र'. आणि कुणीतरी, देव त्याचं भलं करो, लिहिलं होतं, 'भूतकाळात जायचं मशीन'! आता त्याने माझ्या दुकानावर का बोट ठेवावं? पण ठेवलं! बोट त्याचं, पैसे माझे!

तुम्ही हसताय, पण मला तेव्हा घाम फुटला होता. बायको जाऊन वर्ष होत आलेलं, दुकानातला फोन दिवसदिवस गप्प. जाहिरातीचे पैसे तीन महिने पुरणार होते. तेवढ्यात गिऱ्हाईक परतलं नाही तर दुकान बंद, मी लांबच्या गावी कुठल्यातरी कंपनीत, आणि सासूबाई त्यांच्या मुलाकडे. हो, सासूबाई. आमच्याकडेच असतात. त्यांची मुलगी होती तोवर कुणी विचारत नव्हतं, जावयाकडे कशा राहता म्हणून. आता विचारतात. त्यांनी एक बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. मला माहीत, कारण केर काढताना झाडू तिला लागायचा. त्या बॅगेविषयी आम्ही कधी बोललो नाही.

तर त्या दिवशी सासूबाईंनी माझी शब्दांची यादी चष्म्यावरून पाहिली. या बाईंनी टेलिफोनच्या चौकशी विभागात तीस वर्षं काढलेली, कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकत. म्हणाल्या, "जावईबापू, माणूस फोन लावून 'बेअरिंग' म्हणतो का हो? तो म्हणतो, अहो, लवकर या, घरघरतंय!"

"आई, ही तांत्रिक बाब आहे."

"असेल. पण तुम्ही उत्तर लिहून ठेवलंत आणि प्रश्नाची वाट बघत बसलात!"

बोला! दहापैकी दोनाचं कारण त्या मुलीने लॅपटॉपवर पाऊण तास सांगूनही मला कळलं नव्हतं, ते या बाईंनी यादी खाली ठेवता ठेवता सांगितलं!

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सकाळी दुकानात, फोनशेजारी, वही उघडून. जो कुणी तुरळक फोन येई, त्याला एकच प्रश्न, "मशीन काय करतंय, तुमच्या शब्दांत सांगा." आणि लोक काय सांगतात हो! एक गृहस्थ, आवाज एकदम भारदस्त, "मॅडम, आमचं मशीन... उड्या मारत दारापर्यंत येतं, आम्ही त्याला खुर्ची लावून ठेवलीय." एक बाई अगदी कुजबुजत, "कपडे आत घातले त्याहून जास्त ओले बाहेर येतात, घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून." आणि एक तर नुसती किंचाळतच होती, "दार उघडत नाही! आत यांचा एकुलता एक ऑफिसचा शर्ट आहे आणि हे बनियनवर उभे आहेत!" सासूबाई शांतपणे, "त्यांना आधी बसायला सांगा," आणि वहीत, अक्षर न् अक्षर, 'मशीनचं दार उघडत नाही'.

माझे सगळे शब्द उडाले. त्या जागी 'मशीन उड्या मारतं', 'कपडे ओलेच राहतात', 'मशीन गुरगुरतं पण फिरत नाही'... एकेका तक्रारीची वेगळी जुडी, आणि जुडीला तिची स्वतःची जाहिरात. शिवाय नकोशांची यादी, म्हणजे हे शब्द कुणी लिहिले तर आपली जाहिरात दाखवायचीच नाही. शिलाई, वजन, चित्र, निबंध. 'फुकट' तर त्यांनी दोनदा लिहिला. शेवटी 'भूतकाळ'.

म्हटलं, "आई, तो बिचारा राहू द्या."

"पैसे कोण देतं त्याचे? तुम्हीच ना? मग!"

पान मात्र बदलावं लागलं नाही. ते हिने, माझ्या बायकोने, केलेलं. बटण दाबा, आवाज ऐका, तुमचं मशीन असंच करतं का ते पाहा. खऱ्या मशीनचे आवाज नीट येईनात म्हणून हिने सगळे तोंडाने काढून भरले होते. घर्रर्र-खट्! घर्रर्र-खट्! आणि शेवटच्या आवाजात हिला हसू आवरलं नाही, ते तसंच राहिलंय. मी तेव्हा चिडलो होतो, धंद्याची अब्रू वगैरे. जाहिरातवाली म्हणाली, "काका, पान सोन्यासारखं आहे. फक्त तुमचे शब्द तिथे योग्य माणूस पाठवतच नव्हते."

दोनाचे चार झाले. चाराचे सात. फोन असा वाजायला लागला की मला जेवताना घास हातात धरून बसायची वेळ आली! तिसरा महिना संपायच्या आत बॅग पलंगाखालून माळ्यावर गेली. कुणी ठेवली, मी विचारलं नाही.

आणि मग त्या मुलीचा फोन. "काका, एक गडबड आहे. 'मशीन गुरगुरतं पण फिरत नाही' यावर रोज दुपारी तीनला एक क्लिक येतो. दहा-दहा मिनिटं पानावर थांबतात, फोन कधीच करत नाहीत. महिना झाला. नकोशात टाकू?"

मी ओळखलं! पलीकडच्या रस्त्यावरचा तो दुसरा मशीनवाला! माझे पैसे जाळतोय! रागारागाने सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "असेल हो कुणी," आणि चष्मा पुसायला लागल्या. स्वच्छ चष्मा!

त्यानंतर दोन दिवसांनी करंट तपासायचा मीटर घरी विसरलो म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला घरी गेलो. सासूबाई या वेळी पडलेल्या असतात, म्हणून बेल न वाजवता किल्ली काढली. आतून आवाज आला. घर्रर्र-खट्. मग हसू. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि मग दुसरा एक आवाज, म्हातारा, सावकाश, सराव केल्यासारखा... घर्रर्र... खट्.

मी किल्ली खिशात टाकली, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरलो.

अहो, त्या पानाचा थेट पत्ता मी त्यांना केव्हाच मोठ्या अक्षरात लिहून दिलाय, एक पैसा लागत नाही! पण नाही. चार शब्द लिहायचे आणि वरचंच दाबायचं. सगळे तसंच करतात... म्हणून तर आमचं पोट चालतं!

जाहिरातवालीला सांगितलं, राहू दे, जुनं गिऱ्हाईक आहे. म्हणाली, "तुमची मर्जी. तसा या शब्दांचा दर्जा दहापैकी दहा आहे."

परवा पुन्हा तिचा फोन. "काका, आता त्याच शब्दांवर रोज दोन क्लिक! एक तीनचा, आणि एक सकाळी नऊचा, तुमचं दुकान उघडायच्या सुमाराला. हा दुसरा कोण? टाकू का नकोशात?"

म्हटलं, असू दे गं. बोटही माझंच, पैसेही माझेच.