अनोळखी तरुणाचे पाय

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर एक बाई म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी हाताला प्लास्टर घातलेल्या दुसऱ्या बाई.

"ताई, देशाच्या इतिहासावरची ती मालिका बघता का हो? काल स्वातंत्र्याच्या दिवसाचं खरं जुनं चित्रण दाखवलं."

"बघितलं की! झेंड्याची दोरी मध्येच अडकली आणि एक पोरगा सरसर खांबावर चढला. माझ्या तर अंगावर काटा आला."

"ते आमचे बाबा."

"काय सांगता! पण चेहरा कुठे दिसला? नुसते पाय दिसले."

"उजवा अंगठा बाहेर वळलेला होता ना? बाबा, मोजा काढा जरा."

"अगं, दवाखाना आहे हा."

"लाइनमन होते, विजेच्या खांबांवर अनवाणी चढायचे. नातवंडं कालपासून तेवढाच तुकडा लावून बसलीत. आणि टीव्हीवाले म्हणतात, 'एक अनोळखी तरुण'!"

"मग कळवा ना त्यांना."

"बाबा कळवू देतील तर शपथ."

"आता कसं सांगू तुम्हाला? आमच्या सासूबाई कालपासून सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटल्यात, ते पाय आमच्या मामंजींचे म्हणून."

"अहो, असं कसं सांगतात?"

"सांगू दे गं त्यांना. मी लोकांच्या खांद्यांवर पाय देऊन चढलो, नजर वर झेंड्याकडे. खाली कोण कोण होतं, ते मी तरी कुठे पाहिलं?"